चार फुल्यांचे डॉक्टर

"दंड बघू."

आमच्या देवी डॉक्टरांची नमस्कार करायची ही पद्धत होती. समोर मामलेदार असो की बाजारात वांगी विकणारा माळी, त्याच्या तोंडाकडे ते नंतर बघायचे. आधी त्याची बाही वर सरकवायचे, मान वाकडी करायचे आणि दंडावरचे व्रण न्याहाळायचे. चार ठसठशीत फुल्या दिसल्या की खूश होऊन म्हणायचे, "आमचंच काम!" नाही दिसल्या तर विचारायचे, "कुणाचा हात ह्यो?" बायकांच्या बाहीला मात्र ते कधी हात लावत नसत. लांब उभं राहून नुसतं "दंड बघू" म्हणायचे, आणि बायकाही मुकाट्याने पदर बाजूला करायच्या.

तुम्ही म्हणाल, ही काय माणसात वागायची रीत झाली? मीही तेच म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

ते डॉक्टर नव्हते हे आधीच सांगून टाकते. सरकारदरबारी ते देवीची लस टोचणारे कर्मचारी. पण कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या टापूत अशा माणसाला देवी डॉक्टर म्हणायचे, आणि तेही इतक्या मानाने, की आरोग्य केंद्रातले खरे शिकलेले डॉक्टर एखाद्या गावात गेले तर बायका विचारायच्या, "ह्ये कोन? आपलं डाक्टर न्हाई आलं?" खऱ्या डॉक्टरांना ते झोंबायचं. देवी डॉक्टरांना ते आवडायचं. दोघांनीही ते कधी लपवलं नाही.

मी सांगलीची. साठ सालानंतर नर्स म्हणून त्या केंद्रावर रुजू झाले. ट्रंक अजून ओसरीतच होती, तोवर यांची आज्ञा आली. मला वाटलं, इथली काही तपासणी असेल, म्हणून मी दंड दाखवला.

"सांगलीचं काम," ते म्हणाले. "लय कच्चं हाय. चार असून नसल्यागत. टोचणारा माणूस भित्रा असणार."

मला लहानपणी कोणी टोचलं होतं, देव जाणे. पण त्या अनोळखी माणसाची बाजू घेऊन मी भांडले. "मला देवी आल्या का आजवर? नाही ना? मग झालं की त्याचं काम!"

ते शिपायाकडे वळून म्हणाले, "बाई तिखट हाय." त्या दिवसापासून आमचं जमलं, म्हणजे रोज भांडण व्हायला लागलं.

अंगात खाकी कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी आणि सायकलच्या दांडीला लटकवलेली पिशवी. पिशवीत बर्फाचा थर्मास, त्यात लशीच्या नळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि त्यांची लाडकी चक्री. चक्री म्हणजे बोटभर लांबीची दांडी आणि तिच्या टोकाला बारीक दातांची चकती. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती टेकवायची आणि दांडी चिमटीत धरून फिरवायची. कातडी जराशी खरवडली, की लस आत जाते. नियमात "जराशी" असंच होतं. पण आमच्या डॉक्टरांच्या हाताला जराशी ही गोष्ट ठाऊकच नव्हती. ते गर्रकन फिरवायचे. चार जागी फिरवायचे. पोर किंचाळून गाव गोळा करायचं आणि दंडावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत यायचा. तो ओघळ दिसला, की यांच्या चेहऱ्यावर समाधान.

गावात शिरले, की चावडीपुढे भाषण ठरलेलं. "बायांनो, ऐका! चार फुल्या पायजेत. रगत दिसलं पायजे. रगत न्हाई, तर देवी न्हाई!" इथे देवी म्हणजे रोग नव्हे, लस; रक्त आलं नाही तर ती लागलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. कितीतरी वर्षं त्यांनी हे एकच भाषण केलं. शेवटी शेवटी तर यांची सायकल दिसली, की पोरंच मागून ओरडत धावायची, "रगत न्हाई, तर देवी न्हाई!"

आणि लोकांना ते पटलंही होतं. का पटू नये? त्या टापूत पूर्वी देवीच्या साथीत घरंच्या घरं बसलेली. हा माणूस चक्री घेऊन फिरायला लागला आणि पोरं जगायला लागली. त्यामुळे चार फुल्यांना भलताच मान आला. सोयरिकीच्या वेळी मुलगी बघायला आलेली बाई मुलीचे केस बघायची, चाल बघायची आणि हळूच दंडावरच्या फुल्या मोजून घ्यायची. चार भरल्या, की म्हणायची, "डाक्टरांच्या हातची हाय पोरगी." लग्नात डॉक्टरांचं पान नवऱ्या मुलाच्या मामाशेजारी असायचं. लाडूही तेवढेच वाढले जायचे.

त्यांचा एक दावा होता, की आपल्या हातच्या फुल्या आपण कुठेही ओळखू. नुसत्या ओळखू असं नाही, कोणत्या गावच्या तेही सांगू. एकदा कोरेगावच्या बाजारात एक लहान पोर हरवलं. नाव नीट सांगेना, गाव सांगेना, नुसतं भोकाड पसरून बसलेलं. लोकांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बाही वर केली, बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला. "ह्ये वसनेच्या काठचं पोर. त्या साली माज्या आंगठ्याला कुरूप झालं हुतं. तिथल्या समद्या फुल्या जरा कलत्या हायत." पोराला सायकलवर घेतलं आणि वसना नदीकाठची तिन्ही गावं पालथी घातली. इकडे पोराची आई बाजारात ऊर बडवत हिंडत होती. पोर निघालं रहिमतपूरच्या बाजूचं. दिवस मावळताना हे परत आले तेव्हा त्या बाईने यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय डॉक्टर, दंड चुकला म्हणे?"

"दंड बराबर हुता," ते म्हणाले. "पोर चुकलं."

हसायला ठीक आहे. पण मला त्यांचा खरोखर राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका पोराला टोचलेली चक्री दुसऱ्याला लावायच्या आधी दिव्यावर नीट तापवायची, थंड होऊ द्यायची, असा नियम. पहिल्या पोराच्या वेळी हे दिवा असा पेटवायचे की पूजेला बसलेत. पुढे रांग वाढायची, पोरं रडायची, वाऱ्याने दिवा विझायचा, आणि मग चक्री कोटाच्या टोकाला पुसली, की चालली पुढच्या दंडावर. मला नर्सिंगला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, उकळल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. काही पोरांचे दंड पिकायचे, काखेत गाठी यायच्या. मी दाखवलं तर म्हणायचे, "पू झाला म्हंजे देवी झ्याक उठली."

मी खऱ्या डॉक्टरांकडे तक्रार केली. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण हा माणूस बंद केला तर गावात मला कोण शिरू देईल?"

कोयनेचा भूकंप होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा नवी सुई आली. आम्हाला शिकायला साताऱ्याला बोलावलं. एसटीने मी आणि डॉक्टर दोघं गेलो. एक तरणे अधिकारी होते, त्यांनी सुई वर धरून दाखवली. बोटापेक्षाही आखूड, आणि टोकाला दोन बारीक दात. लशीत बुडवून बाहेर काढली, की त्या दोन दातांच्या मधे नेमका लागेल तेवढाच थेंब धरून राहायचा, ना कमी ना जास्त. मग दंडावर एकाच जागी भराभर हलके टोचे मारायचे. बस्स. लसही कोरडी, पावडरीची. बर्फाची कटकट संपली, ऐन वेळी औषधात कालवली की झालं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका पोराला एक सुई. वापरलेली वेगळ्या डबीत टाकायची आणि संध्याकाळी सगळ्या सुया एकदम उकळायच्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतकी साधी वस्तू, आणि किती पोरांचे हाल वाचणार होते!

आमचे डॉक्टर मागच्या बाकावरून उठले. "सायेब, रगत किती?"

"ठिपकाभर दिसलं तर दिसलं," अधिकारी म्हणाले. "ओघळ आला तर तुमचा हात चुकला असं समजा."

"आन फुल्या?"

"एकच."

खोलीतले दोघे-तिघे फिदीफिदी हसले. चार फुल्यांची कीर्ती साताऱ्यापर्यंत पोचलेली होती. डॉक्टर खाली बसले. परतीच्या एसटीत कृष्णेचा पूल ओलांडल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून नमुन्याची सुई काढली आणि माझ्यापुढे धरली. "बाई, ही काय सुई हाय? ह्ये कानकोरणं हाय."

चक्र्या जमा करायचा हुकूम होता. त्यांनी आपली चक्री जमा केली. हुकूम मोडणारा माणूस नव्हता तो. नव्या सुईने टोचायलाही लागले, आणि खरं सांगते, हात एकदा बसल्यावर सुरेख टोचायचे. पण तोंड एवढंसं करून. हाताने सरकारचा हुकूम पाळायचे आणि चेहऱ्याने सरकारच्या विरुद्ध बोलायचे. चावडीपुढचं भाषण बंद झालं. त्याच्या जागी दुसरं भाषण मात्र कोणी केलं नाही.

वसनेच्या काठी उसाच्या फडांमधे एक वस्ती होती. त्या वस्तीवर एका फौजीचं घर. फौजी जम्मूकडे कुठेतरी, घरी त्याची आई, दोन सुना, धाकटा भाऊ आणि फौजीची तान्ही मुलगी. म्हातारीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिची पहिली दोन लेकरं एकाच आठवड्यात देवीने गेलेली. पुढची दोन जगली, ती डॉक्टरांची चक्री लागलेली. तेव्हा त्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल जागा होती ती आमच्या डॉक्टरांची.

आम्ही गेलो तशी म्हातारी नातीला स्वतः मांडीवर घेऊन बसली. दोन्ही हातांनी पोरीला गच्च धरलं. डॉक्टरांनी टोचलं. पोरगी जराशी कुरकुरली आणि गप्प झाली. म्हातारीने अजून तसंच धरलेलं.

"सोड की, मावशे," डॉक्टर म्हणाले.

"आवं, झालं?"

"झालं."

"रगत कुटं हाय?"

"आता रगत नसतंय."

"आन फुल्या? येकच? चार न्हाईत?" म्हातारीचा चेहरा उतरला. "आवं डाक्टर, येकीनं देवी अडंल व्हय?"

त्या वेळी डॉक्टरांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. "अडंल," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी खांदे उडवले. "आमच्या हातात काय ऱ्हायलंय? सरकारला इचार."

मग मीच बोलले. "आजी, ही सुई चक्रीपेक्षा चांगली आहे. लस पूर्ण आत जाते, जखम होत नाही, पिकत नाही." म्हातारीने माझ्याकडे बघितलं, कालची पोर काय सांगते अशा नजरेने, आणि परत डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर पिशवी आवरत होते.

आठवड्याने आम्ही फोड उठलेत का ते बघायला गेलो. घरोघरी उठले होते. एकेका दंडावर एकेक मोत्याएवढा नीटस फोड. डॉक्टर बघायचे आणि नाइलाजाने म्हणायचे, "उठलीया खरं." म्हातारीच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लावलेले होते, देवी उठली की लावतात तसे. ती उंबऱ्यात उभी होती, हसत होती.

"डाक्टर, आता काळजी करू नगा," ती म्हणाली. "सरकारनं तुमास्नी आडवलं. पर ऱ्हायल्यालं म्या पुरं केलं."

मला आधी काही कळलंच नाही. मग थोरली सून, पोरीची आई, तिला घेऊन बाहेर आली. दंडाला चिंधी बांधलेली. मी ती सोडली. वर सुईचा फोड होता. त्याच्या खाली आणखी तीन जखमा होत्या. बाभळीच्या काट्याने खरवडलेल्या, त्यात चुलीतली राख आणि हळद भरलेली. दंड कोपराच्या खालपर्यंत सुजून तांबडालाल झाला होता. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं. ती रडत नव्हती, नुसती कण्हत होती.

"येक तुमची, तीन माज्या," म्हातारी सांगत होती. "रगत बी आलं. चांगलं आलं. चार झाल्या का न्हाई?"

काट्याची जखम, त्यात राख, मला धनुर्वाताशिवाय दुसरं काही सुचेना. मी म्हातारीवर ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. पण नजर डॉक्टरांकडे गेली. ते ओटीवर बसले होते, कोणीतरी ढकलल्यासारखे. मग उठले, अंगातला कोट काढला, पोरीला त्यात गुंडाळलं आणि सुनेला म्हणाले, "चल. सातारला."

म्हातारी मागून विचारत राहिली, "काय झालं? आवं, काय चुकलं का?"

आमच्या केंद्राची जीप नेहमीप्रमाणे दुरुस्तीला गेलेली. सडकेपर्यंत डॉक्टर पोरीला छातीशी धरून जवळजवळ पळत गेले, मी आणि तिची आई मागून, आणि माझ्या हातात यांची सायकल. एसटी दिसली. वस्तीपाशी ती थांबत नसे. डॉक्टरांनी पोर आईकडे दिलं, माझ्या हातातली सायकल ओढून भर सडकेत आडवी टाकली आणि तिच्यापुढे उभे राहिले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढलं. "आरं म्हाताऱ्या, मरायचंय काय?"

"न्हाई," डॉक्टर म्हणाले. "सातारला जायचंय."

सायकल तिथेच सडकेत राहिली. त्यांना तिची आठवणही झाली नाही.

साताऱ्याच्या दवाखान्यात तरणा डॉक्टर होता. त्याने दंड बघितला आणि त्याचा पारा चढला. "हे कोणी केलं?" पोरीची आई हमसून रडायला लागली. मी सांगणार, एवढ्यात आमचे डॉक्टर पुढे झाले.

"मी."

"तुम्ही टोचता ना लस? नवी सुई मिळाली नव्हती?"

"मिळाली हुती."

"मग?"

"माजं चुकलं."

त्या पोरसवद्या डॉक्टरने सगळ्यांदेखत त्यांची जी हजेरी घेतली! अडाणी म्हणाला, कसाई म्हणाला. हे टोपी हातात घेऊन उभे. ज्या माणसाने मामलेदाराची बाही वर केली होती, तो मान वर करेना.

व्हरांड्यात आल्यावर माझा तोल सुटला. "खोटं का बोललात? नोकरी जाईल तुमची! म्हातारीने केलंय ते."

"म्हातारीला कुणी शिकीवलं?" ते म्हणाले. "बाई, तिची दोन लेकरं गेल्याली. तिला मी सांगितलं, रगत न्हाई तर देवी न्हाई. तिनं ऐकलं. आन त्या दिशी तिनं इचारलं, येकीनं देवी अडंल का, तवा मी काय बोललो? सरकारला इचार म्हनलं. तोंडात जीभ हुती की माज्या." मग जरा हळू म्हणाले, "तिला कुनी बोलू नगा. तिच्या लेकाला पत्तर धाडू नगा. तिनं पोरगी वाचवायला केलं." टोपीनेच डोळे पुसत ते म्हणाले, "मला वाटायचं, मी बी पोरं वाचीवतोय."

इतकी वर्षं मी ज्या माणसाशी भांडले त्याला असं रडताना बघून मलाच रडू आलं. "वाचवलीत हो," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. "पण आता ही वाचायची आहे."

दंडाला चीर देऊन पू काढला. पेनिसिलीन चालू झालं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ताप उतरेना. दंड राहतो की जातो, पोर राहते की जाते, असं दोलायमान होतं सगळं. मला केंद्रावर परतावं लागलं, पण सवड मिळाली की मी एसटीने जायचे. डॉक्टर व्हरांड्यातच असायचे. रजा कुठल्या कारणासाठी हवी म्हणून केंद्राने विचारलं, तर यांनी कळवलं, घरातलं माणूस आजारी आहे. पोरीच्या आईला डबा आणायचे, औषधं आणायचे, बाकी वेळ खांबाला टेकून बसायचे. दंड बघू असं कोणालाही म्हणाले नाहीत, तिथल्या शिपायालासुद्धा नाही.

एका सकाळी मी पायऱ्या चढत होते, तर हे धोतर सावरत समोरून धावत आले.

"बाई! रडतीया!" ते ओरडले. "भोकाड पसरलंय! चांगली रडतीया!"

जन्मभर पोरांना रडवलेला माणूस, आणि एका पोरीच्या रडण्याचा त्याला केवढा आनंद! आत जाऊन बघते तो खरंच, पोरगी लाथा झाडत होती, दूध मागत होती, ताप उतरला होता. त्या पोरसवद्या डॉक्टरने आमच्या डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. यांनी त्यालाही नमस्कार केला.

वरून ताकीद आली. नोकरी राहिली. सडकेत टाकलेली सायकलही वस्तीवरच्या लोकांनी आणून दिली. पण माणूस बदलला, आणि तिथून आमच्या टापूत जी करमणूक सुरू झाली ती काय सांगू!

चावडीपुढचं भाषण पुन्हा सुरू झालं. "बायांनो, ऐका. माजं चुकलं हुतं. रगत नगं. येकच फुली पुरं हाय." लोक आधी हसले. मग एकमेकांकडे बघायला लागले. एका गावचे पैलवान भाषण झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "डाक्टर, कुनी दम दिलाय तुमास्नी? नुसतं नाव सांगा. बाकीचं आमी बगतो."

डॉक्टर माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "बाई, माजं कुनी ऐकंना."

"इतकी वर्षं तुमचंच ऐकलं म्हणून तर ही पाळी आली," मी म्हटलं. मी तिखट होतेच.

मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. सुई टोचली, की त्या घरून हलायचंच नाही. ओटीवर बैठक मारायची. म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायची, म्हशीची चौकशी करायची, दिवेलागण होईपर्यंत बसायचं. म्हणजे कोणाला काटा घ्यायला उसंतच नाही. माणूस दारात बसलाय म्हटल्यावर लोक जेवायला वाढणारच. यांनी निम्म्या तालुक्याच्या घरची आमटी चाखली आणि पोट बिघडवून घेतलं. म्हाताऱ्या कंटाळून म्हणायच्या, "डाक्टर, जावा की आता. न्हाई टोचत काटा." हे म्हणायचे, "नातवाच्या डोक्यावर हात ठिवून सांग." आणि तिने हात ठेवल्याशिवाय खरोखरच उठायचे नाहीत.

फौजीच्या घरी ते सगळ्यात जास्त वेळा जाऊन बसायचे. तिथे टोचायचं काही नव्हतं, तरी. म्हातारी पोरीच्या दुखण्यानंतर खचली होती. तिला सगळं समजलं होतं. डॉक्टर आले, की आत चुलीपाशी जाऊन बसायची. यांनीही कधी हाक मारली नाही. मी बरोबर असताना एकदा ती आपणहून बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली. "डाक्टर, माज्या हातनं..."

"तुज्या हातनं काय न्हाई," डॉक्टर म्हणाले. "च्या ठेव."

तिने चहा ठेवला. गुळाचा चहा होता, भरपूर आलं घातलेला. तिघांनीही बशीत ओतून घेतला.

अशी दोनेक वर्षं गेली. नोकरीतून सुटायला थोडेच दिवस राहिले होते, आणि शिमगा झाल्यावर डॉक्टर गेले. फिरतीवरून घरी आले, सायकल भिंतीला लावली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत आटोपलं. गावोगावची माणसं आली. आमचे खरे डॉक्टर बाजूला उभं राहून डोळे पुसत होते. मला म्हणाले, "बाई, आता मला गावात कोण नेणार?" मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली.

त्याच आठवड्यात मी वसनेच्या काठच्या वस्तीवर एकटी गेले. म्हातारीच्या धाकट्या सुनेला मुलगा झाला होता. थोरली नात अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होती. दंडावर ओबडधोबड व्रण होते, पण हात धड होता, त्या हाताने ती कोंबडीची शेपटी ओढत होती.

म्हातारी बाहेर आली. माझ्या मागे सडकेकडे बघत तिने विचारलं, "डाक्टर मागनं येत्यात जनू?"

म्हणजे तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाशी धरून नुसती बसून राहिली. मला वाटलं, आजचं काम राहू द्यावं, पुन्हा कधीतरी यावं. मी पिशवी उचलली.

"कुटं निगालीस?" ती म्हणाली. डोळे पुसून उठली, आत जाऊन नातवाला घेऊन आली आणि मांडीवर घेऊन बसली. या खेपेला गच्च धरलं नाही. दंड उघडा करून माझ्यापुढे केला. मी सुई लशीत बुडवली आणि टोचे मारले. पोर जरासं कुरकुरलं. दंडावर टाचणीच्या टोकाएवढा एक लाल ठिपका आला, तेवढाच.

धाकटी सून वाकून बघत होती. "आत्या, रगत तर आलंच न्हाई," ती घाबरून म्हणाली. "अजून टोचायचं आसंल न्हवं?"

म्हातारीने पोराचं अंगडं हळूच दंडावर खाली ओढलं.

"हात लावू नगंस," ती सुनेला म्हणाली. "झालंय त्ये."